समुद्र आहे, वाळू नाही: पाँडिचेरीत उतरावे कुठे?

मराठी माणसाची समुद्राशी ओळख बहुधा पश्चिम किनाऱ्यावर होते. दिवेआगर, गणपतीपुळे, तारकर्ली, फार तर गोवा. खोली निवडण्याचे आपले आडाखेही तिथेच पक्के होतात. समुद्राला जितके खेटून तितके उत्तम. दारातून बाहेर पडले की पाय वाळूत. गॅलरी पश्चिमेला हवी, म्हणजे सूर्यास्त चुकत नाही. आणि पाऊस सरल्यावर येणारी दिवाळीची सुट्टी ही सहलीची हक्काची वेळ.

हेच आडाखे घेऊन कोणी पाँडिचेरीला, म्हणजे सरकारदरबारी २००६ पासून पुदुच्चेरी झालेल्या शहरात गेला, तर एकेक आडाखा चुकत जातो. जाहिरातीत ‘समुद्र दोनशे मीटरवर’ असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. पण ते दोनशे मीटर चालून गेल्यावर समोर येतात काळे धोंडे, त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा आणि वर सुरेख फरसबंदीचा रस्ता. मुलांच्या हातातली प्लास्टिकची बादली आणि खोरे तसेच परत खोलीवर जाते. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडत नाही, पाठीमागच्या इमारतींच्या आड जातो. आणि दिवाळीतला मुक्काम असेल तर छत्री विकत घ्यावी लागते.

यात कोणी कोणाला फसवलेले नसते. या शहरात समुद्र दिसणे, समुद्रात उतरता येणे आणि समुद्राचा वारा लागणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकाच खोलीत मिळण्याचा योग क्वचित येतो. यांतली आपल्याला सर्वांत जास्त कोणती हवी हे आधी ठरवले, की खोलीचा शोध निम्मा संपतो. ते ठरवण्यासाठी मात्र वाळू, ऊन, वारा आणि पाऊस हे इथे कसे वागतात ते समजून घ्यायला हवे.

शहरासमोरची वाळू गेली कुठे?

बंगालच्या उपसागरातल्या लाटा या किनाऱ्यावर सरळ येऊन आपटत नाहीत, तिरक्या येतात. वर्षातला बराच काळ त्यांचा रोख दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. लाट तिरकी वर चढताना वाळूचे कण सोबत घेते. परतताना पाणी मात्र उतारावरून सरळ खाली घसरते. म्हणजे प्रत्येक लाटेसरशी कण थोडासा उत्तरेला सरकलेला असतो. दिवसाला हजारो लाटा, वर्षाचे बारा महिने. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हा प्रवास काही काळ उलटा होतो, पण वर्षाचा जमाखर्च मांडला तर उत्तरेकडे जाणारी वाळूच जास्त भरते. तिचे प्रमाण वर्षाला काही लाख घनमीटरच्या घरात जाते.

अंगण झाडताना झाडू तिरका मारत गेलो, तर कचरा फटक्यागणिक पुढे सरकत जातो. समजा, त्या वाटेत कोणी पाट आडवा ठेवला. कचरा पाटाच्या अलीकडे साठत जाईल. पलीकडे झाडू चालूच आहे, पण मागून नवे काही येत नाही. त्यामुळे पलीकडची जमीन खरवडून निघेल.

पाँडिचेरीत हा पाट बंदराच्या रूपाने आला. शहराच्या दक्षिणेला अरियांकुप्पम नदीच्या मुखाशी बंदर बांधताना गाळ अडावा आणि बोटींना शांत पाणी मिळावे म्हणून समुद्रात दगडी बांध घातले गेले. अभियंते त्यांना ब्रेकवॉटर म्हणतात. १९८९ पर्यंत हे काम पुरे झाले. त्यानंतर बांधाच्या दक्षिणेला वाळू साठत गेली आणि उत्तरेला, म्हणजे नेमकी शहरासमोरची, वाळू झिजत गेली. किनारा वाचवण्यासाठी धोंड्यांची रास रचत न्यावी लागली. आज ज्याला ‘रॉक बीच’ म्हणतात तो हाच.

वाळूच्या या खेळात कोणाचे दिवाळे निघते तर कोणाची दिवाळी होते. दीडशे किलोमीटर उत्तरेच्या चेन्नईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर झाले, तेव्हा हेच घडले. तिथे शहराचा देखणा भाग बंदराच्या दक्षिणेला होता, म्हणून त्याच्यासमोर वाळू साठून मरीना बीच रुंद होत गेला. बंदराच्या उत्तरेकडच्या रोयापुरमचा किनारा मात्र खचत गेला. पाँडिचेरीचे नशीब एवढेच, की बंदर दक्षिणेला आणि शहर उत्तरेला पडले.

या धोंड्यांनी एकदा मोठे काम केले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच केंद्रशासित प्रदेशातल्या कारैकालमध्ये शेकडो माणसे गेली. पाँडिचेरीच्या जुन्या शहराला मात्र या दगडी तटामुळे पुष्कळ संरक्षण मिळाले.

अलीकडे वाळू परत आणण्याचा एक प्रयोगही झाला आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने शहरासमोरच्या समुद्रात पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा एक पोलादी अडसर बसवला. लाटेचा जोर तिथे मोडतो आणि तिच्यातली वाळू आतल्या बाजूला खाली बसते. त्यामुळे गांधी पुतळ्याच्या आसपास वाळूचा एक पट्टा पुन्हा दिसू लागला आहे. तिथे बसता येते, पाय ओले करता येतात. पण तेवढ्यासाठी शहराला वाळूचा किनारा आहे असे धरून खोली घेऊ नये.

थोडक्यात, वाळू हवी असेल तर शहर सोडून दक्षिणेला किंवा उत्तरेला जावे लागते. शहर हवे असेल तर वाळू सोडावी लागते.

कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे

आता शहराकडे पाहू. फ्रँस्वा मार्टिन या फ्रेंच अधिकाऱ्याने १६७४ मध्ये इथे ठाण मांडले. मधल्या काळात, १६९३ ते १६९९ अशी सहा वर्षे, गाव डचांच्या ताब्यात होते. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची मूळ आखणी त्यांच्या वेळची. १७६१ मध्ये इंग्रजांनी शहर जमीनदोस्त केले, पण फ्रेंचांनी ते बरेचसे जुन्याच रेषांवर पुन्हा उभारले. म्हणून आजही नकाशा हातात न घेता इथे फिरता येते. चार बाजूंच्या रुंद बुलवारांच्या आत, साधारण अंडाकृती जागेत, सरळ रस्त्यांची जाळी आहे.

या जाळीला उभा छेद देत एक कालवा जातो. त्याच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला, फ्रेंचांची वस्ती होती. तिला आज व्हाइट टाउन म्हणतात. पिवळ्या-पांढऱ्या भिंती, उंच कुंपणे, कमानीची दारे आणि भिंतीवरून रस्त्यावर झुकलेली बोगनवेल, हे जे चित्र सगळ्यांच्या फोनमध्ये असते ते इथले. अरविंद आश्रम, राजनिवास आणि भारती पार्क याच भागात येतात. कालव्याच्या पश्चिमेला तमिळ वस्ती. तिथे जुन्या घरांना रस्त्याला लागून ओटा असतो, त्याला तमिळमध्ये तिन्नै म्हणतात, आणि आत उघडा चौक असतो. मिशन स्ट्रीट, नेहरू स्ट्रीट, मोठा बाजार, देवळे, चर्च, मशिदी, इडली-डोशाची खाणावळ, औषधाचे दुकान हे सगळे कालव्याच्या या बाजूला. इथल्या वैसियाल स्ट्रीटवरच्या जुन्या घरांची डागडुजी करून रस्त्याचे मूळ रूप जपले गेले आहे.

व्हाइट टाउन महाग का, याचे उत्तर या रचनेतच आहे. कालव्यापासून समुद्रापर्यंतची रुंदी चालत दहा मिनिटांत संपते. त्यातही मोठी जागा आश्रमाने, सरकारी कचेऱ्यांनी, शाळांनी आणि चर्चनी व्यापली आहे. उरलेल्या जुन्या वाड्यांची हॉटेले झाली आहेत, पण वाड्यात खोल्या मोजक्याच निघतात. वारसा म्हणून जपलेल्या इमारतीवर मजले चढवता येत नाहीत. मागणी वाढते, खोल्या तेवढ्याच राहतात, म्हणून भाडे चढते. तेव्हा तिथे पैसे मोजताना आपण आंघोळीच्या समुद्राचे पैसे मोजत नसतो. रात्री शांत होणाऱ्या, पायी फिरता येणाऱ्या जुन्या गल्ल्यांचे मोजत असतो. गल्ल्यांची आवड असेल तर ते पैसे वसूल होतात.

तमिळ वस्तीतल्या खोल्या त्या मानाने स्वस्त पडतात आणि समुद्र तिथूनही पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर असतो. तिथल्या चौकवाल्या घरांत राहण्याचा अनुभव तर व्हाइट टाउनमध्येही मिळणार नाही. चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि रस्त्याकडून थंड हवा आत ओढली जाते, म्हणून भर दुपारी ओट्याच्या आत बरे वाटते. अडचण एवढीच, की काही खोल्यांच्या खिडक्या फक्त चौकाकडे उघडतात. उजेड कमी येतो आणि चौकातल्या गप्पा खोलीत ऐकू येतात.

जुन्या वास्तूंबद्दल एक नियम लक्षात ठेवावा. नव्या हॉटेलात एका दराच्या सगळ्या खोल्या सारख्या असतात. वाड्यात एकीसारखी दुसरी नसते. म्हणून हॉटेल निवडून थांबू नका, नेमकी कोणती खोली मिळणार ते विचारा. कोणता मजला, खिडकी कुठल्या बाजूला, जिना किती उभा, न्हाणीघर आत की बाहेर. आईवडील सोबत असतील तर जिन्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. कालव्याकाठची खोली असेल तर खिडकी थेट कालव्यावर उघडते का तेही विचारा. उन्हाळ्यात पाणी साचले की त्याला वास येतो.

ऊन एका बाजूने, वारा दुसऱ्या

कोकणात समुद्र पश्चिमेला. दुपारचे ऊन आणि समुद्राचा वारा दोन्ही एकाच खिडकीतून येतात. वारा हवा म्हणून खिडकी उघडावी तर ऊनही आत. पाँडिचेरीत समुद्र पूर्वेला आहे, त्यामुळे या दोघांची फारकत होते आणि त्याचा फायदा घेता येतो.

दिवसा जमीन लवकर तापते. पाणी हळू तापते, कारण उष्णता त्यात खोलवर पसरते. जमिनीवरची तापलेली हवा वर चढते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा येते. हाच सागरी वारा. पाँडिचेरीत तो पूर्वेकडून येतो, तेही नेमक्या त्या वेळी जेव्हा सूर्य डोक्यावरून पश्चिमेला कलायला लागलेला असतो. म्हणून पूर्वेच्या खिडकीला सकाळी कोवळे ऊन, दुपारी सावली आणि सोबत वारा मिळतो. पश्चिमेची, वरच्या मजल्यावरची खोली मात्र दुपारभर भाजून निघते आणि वाराही तिला शिवत नाही.

मे-जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. या दिवसांत जमिनीवरून, पश्चिमेकडून गरम वारे वाहतात आणि ते सागरी वाऱ्याला अडवून धरतात. ज्या दिवशी सागरी वारा लवकर आत शिरतो त्या दिवशी दुपार सुसह्य होते. ज्या दिवशी तो उशिरा येतो त्या दिवशी पारा चाळिशीला भिडतो. समुद्राकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यांतून हा वारा आत घुसतो, म्हणून किनाऱ्यापासून दोन-तीन रस्ते आत असलेल्या पूर्वाभिमुख खोलीलाही त्याचा लाभ मिळतो. पहिल्या रांगेत खोली नाही मिळाली म्हणून हळहळायचे कारण नाही. उलट पहिल्या रांगेत खारी हवा नळ, कड्या आणि एसीचे पत्रे खात असते, त्यामुळे तिथे देखभाल नीट आहे ना, ते अलीकडच्या फोटोंवरून पाहून घ्यावे.

सूर्यास्त मिळत नाही, पण त्याची भरपाई आहे. हिवाळ्यात इथे सूर्य मुंबईपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त आधी उगवतो आणि तो थेट समुद्रातून वर येतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य मावळतो त्याच सुमारास समुद्रातून चंद्रही वर येतो. कोकणात हे दृश्य समुद्रावर पाहायला मिळत नाही. तारखा हाताशी असतील तर मुक्काम पौर्णिमेला धरून ठरवावा.

किनाऱ्यावरचा सुमारे दीड किलोमीटरचा गुबेर रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंद असतो. सारे शहर तिथे चालायला लोटते. या रस्त्यावरच्या खोलीत रात्री गाड्यांचा आवाज नसतो, लाटांचा असतो. फक्त तुम्ही रात्री पोहोचणार असाल तर रिक्षा कुठपर्यंत येईल आणि सामान कुठून उचलावे लागेल, हे हॉटेलला आधी विचारून ठेवा.

दिवाळीतला पावसाळा

आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे जूनमध्ये पाऊस आणतात. सह्याद्री ओलांडून पलीकडे जाईपर्यंत त्यांच्यातला ओलावा बराचसा संपलेला असतो, त्यामुळे तमिळ किनाऱ्याला त्यांच्याकडून थोडेच मिळते. ऑक्टोबरमध्ये वाऱ्यांची दिशा फिरते. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून ओलावा उचलतात आणि या किनाऱ्यावर ओततात. पाँडिचेरीच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते.

याच महिन्यांत चक्रीवादळेही येतात. ३० डिसेंबर २०११ ला ‘ठाणे’ नावाचे वादळ पाँडिचेरी आणि कडलूरच्या दरम्यान जमिनीवर आले. ३० नोव्हेंबर २०२४ ला ‘फेंगल’ पाँडिचेरीजवळ किनाऱ्याला लागले, जवळजवळ जागीच रेंगाळले आणि एका दिवसात विक्रमी पाऊस पाडून गेले.

खोली निवडताना याचा अर्थ काय? एक तर या महिन्यांत जायचेच असेल तर रद्द करता येणारे आरक्षण घ्या. दुसरे म्हणजे शहराची सखल बाजू ओळखा. पाणी समुद्राकाठी तुंबते असा आपला समज असतो. पाँडिचेरीत मोठ्या पावसात पाणी तुंबते ते आतल्या बाजूला, इंदिरा गांधी चौक आणि रेनबो नगरच्या परिसरात. नव्या वस्तीतले हॉटेल स्वस्त मिळाले तरी पावसाच्या दिवसांत ते टाळलेले बरे.

जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा हा इथला सर्वांत सुखाचा काळ. पाऊस गेलेला असतो, उन्हाळा यायचा असतो. शाळांच्या सुट्ट्या त्यात बसत नाहीत हे खरे, पण ज्यांना सुट्ट्यांचे बंधन नाही त्यांनी दुसरा विचार करू नये.

शहराबाहेर: उत्तर, दक्षिण आणि जंगल

शहराबाहेर राहायचे तर तीन दिशा आहेत. वाळू त्यांतल्या पहिल्या दोन दिशांना मिळते.

दक्षिणेला, बंदराच्या पलीकडे, जिथे वाळू साठते तिथे वीरमपट्टिनम आणि चिन्न वीरमपट्टिनम ही कोळ्यांची गावे आहेत. तिथल्या ईडन बीचला २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छता आणि सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. आणखी दक्षिणेला चुन्नांबार नदीच्या मुखाशी पॅराडाइज बीच आहे. तिथे चुन्नांबारच्या धक्क्यावरून बोटीने जातात. या बाजूला राहण्याची सोय म्हणजे मुख्यतः रिसॉर्ट. मुलांना वाळू मिळते, पण संध्याकाळी व्हाइट टाउनमध्ये फिरायचे तर दर वेळी गाडी करावी लागते.

उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर सेरेनिटी बीच. तो खरे तर तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यात येतो. पाँडिचेरीची हद्द अशी तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली आहे, की रिक्षात बसल्या-बसल्या आपण राज्य ओलांडतो आणि कळतही नाही. इथे लाटांवर सर्फिंग शिकवणाऱ्या शाळा आहेत, कॅफे आहेत, तरुण मंडळींची गर्दी आहे. मात्र बंदरामुळे सुरू झालेली झीज वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत आली आहे. तिला आवर घालायला किनाऱ्यावर जागोजागी दगडी आडवे बांध घातले आहेत. त्यामुळे वाळूचा पट्टा ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद होत राहतो. या बाजूचे ‘बीचला लागून’ असलेले हॉटेल घेताना गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो मागावेत. पाच वर्षांपूर्वीची वाळू आज तिथे असेलच असे नाही.

दोन्ही बाजूंना एक धोका सारखाच आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जायला वाट शोधते आणि एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोरात आत ओढले जाते. अशा जागी लाट फुटत नाही, म्हणून पाणी शांत वाटते आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे, मग बाहेर यावे. जीवरक्षक नाहीत तिथे गुडघाभर पाण्यापलीकडे न जाणे उत्तम.

तिसरी दिशा ऑरोविल. २८ फेब्रुवारी १९६८ ला स्थापन झालेली ही वस्ती शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, लाल मातीच्या पठारावर लावलेल्या जंगलात आहे. तिथली अतिथिगृहे झाडीत विखुरलेली आहेत. दुचाकी चालवता येत नसेल तर हाल होतात. तिथल्या मातृमंदिर या घुमटाकार वास्तूच्या आतल्या ध्यानकक्षात जायला आगाऊ नोंदणी लागते. सकाळी जाऊन घुमट बाहेरून पाहून यायचे असेल तर तिथे राहण्याची गरज नाही. ऑरोविल समजून घ्यायचे असेल तर मात्र दोन रात्री वेगळ्या काढाव्यात.

भाडे कधी आणि का चढते?

पाँडिचेरी हे चेन्नईकरांचे आणि बंगळूरकरांचे शनिवार-रविवारचे ठिकाण आहे. चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. त्यामुळे शुक्रवार रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत भाडे चढलेले असते. आपण महाराष्ट्रातून इतक्या लांब जातोच आहोत, तर सोमवार ते गुरुवार असा मुक्काम धरावा. त्याच खोल्या कमी पैशांत आणि निवांत मिळतात.

आश्रमाच्या अतिथिगृहांचे गणित वेगळे आहे. समुद्रासमोरच्या पार्क गेस्ट हाउससारख्या जागी साध्या, स्वच्छ खोल्या बेताच्या भाड्यात मिळतात. त्याबदल्यात नियम पाळावे लागतात. मद्यपान आणि धूम्रपान नाही, रात्री ठरलेल्या वेळी फाटक बंद. आश्रमाच्या दर्शनदिनांना, म्हणजे २१ फेब्रुवारी, २४ एप्रिल, १५ ऑगस्ट आणि २४ नोव्हेंबरच्या आसपास, भक्तांमुळे ही अतिथिगृहे भरलेली असतात.

आणखी एक खाचखळगा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाचे हजाराहून जास्त होतात. तेव्हा भाव करताना हा आकडा डोक्यात असावा.

चौकट: कोणी कुठे उतरावे?

- पहिल्यांदाच जाणारे, दोन-तीन दिवस: कालव्याच्या कोणत्याही बाजूला, समुद्रापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. खिडकी पूर्वेला.
- आईवडील सोबत: व्हाइट टाउनमध्ये तळमजला किंवा लिफ्ट असलेली इमारत. शांतता हवी आणि नियमांची अडचण नसेल तर आश्रमाचे अतिथिगृह.
- लहान मुले, वाळू हवीच: दक्षिणेकडचे रिसॉर्ट किंवा शहरात राहून एक सकाळ ईडन बीच.
- सर्फिंग शिकणारे, तरुण मंडळी: सेरेनिटी बीच परिसर.
- बेतशीर खर्च, खाण्याची चंगळ: मिशन स्ट्रीट आणि नेहरू स्ट्रीटच्या आसपासची तमिळ वस्ती.
- ऑक्टोबर ते डिसेंबर: सखल भाग टाळा, आरक्षण रद्द करता येणारे घ्या.
- खोली घेण्याआधी विचारायचे चार प्रश्न: खिडकी कुठल्या दिशेला? समोर वाळू की दगड? रात्री गाडी दारापर्यंत येते का? फोटो कधीचे आहेत?

एक दिवस जिंजीसाठी

मराठी प्रवाशाने मुक्कामात एक दिवस वाढवावा असे एक कारण आहे. पाँडिचेरीपासून साधारण सत्तर किलोमीटरवर जिंजीचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयात तो घेतला. त्याच मोहिमेत त्यांनी शेरखान लोदीचा पराभव केला. फ्रेंचांना पाँडिचेरीत आसरा दिला होता तो याच शेरखानाने. आश्रयदाताच गेल्यावर फ्रँस्वा मार्टिनने महाराजांकडे वकील पाठवला आणि आपल्या वखारीला अभय मिळवले. पुढे राजाराम महाराजांनी याच किल्ल्यातून स्वराज्याचा कारभार चालवला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा मराठा किल्ले नोंदले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला हाच. सकाळी लवकर निघाले तर ऊन तापायच्या आत किल्ल्याची राजगिरी टेकडी चढून होते आणि संध्याकाळी परत किनाऱ्यावर फिरायला येता येते.

मुंबई-पुण्याकडून जायला दादरहून पाँडिचेरीपर्यंत थेट रेल्वे आहे. ती रोज नसते, म्हणून आधी वार पाहावा आणि मग खोली. पर्यायी मार्ग चेन्नईहून रस्त्याने किंवा विळुप्पुरमला उतरून पुढे चाळीसेक किलोमीटर. पाँडिचेरीचे स्थानक जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला आहे, तिथून व्हाइट टाउन आणि तमिळ वस्ती दोन्ही रिक्षाने काही मिनिटांवर. बसस्थानक मात्र पश्चिमेला आहे.

एवढे सगळे वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पाँडिचेरीत ‘समुद्रासमोर’ या शब्दासाठी जादा पैसे मोजू नका. पूर्वेच्या खिडकीसाठी, चालण्याजोग्या गल्लीसाठी आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखांसाठी मोजा. वाळूवर एक सकाळ घालवायला पुढे रिक्षा आहेच.